चिंच, लिंबू की काहीच नको? काळ्या-हिरव्या शिवराया आणि राणी छाप रुपयांचं काय करावं

खुर्दा

माझ्याकडे एका डब्यात एकूण ३१ जुनी नाणी आहेत. विकायची घाई नाही, पण पुढेमागे एखाद्या प्रदर्शनात दाखवावीत किंवा जाणकाराकडून किंमत करून घ्यावी असा विचार आहे. त्याआधी साफ करावीत का, केली तर कशी, हे विचारायचं आहे. तपशील असा:

शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) १४. त्यातल्या ९ काळपट तपकिरी, ३ वर जाड हिरवा थर, आणि २ वर फिकट हिरवी भुकटी, जी बोटाला लागते. एक शिवराई आधीच चिंचेच्या कोळात बुडवून झाली आहे (तपकिरीपैकी). ती आता गुलाबी दिसते.

चांदीचे रुपये ७: १८६२ चे दोन, १९०१, १९०७, १९१७ आणि १९४५ चे दोन. १८६२ चा एक लक्ष्मीपूजनात असायचा, त्याच्यावर हळद-कुंकू घट्ट बसलं आहे. १९१७ चा पूर्ण काळा.

पाव आणे ६, त्यातले दोन कंपनीचे १८३५ चे. हे प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये होते. त्यांच्यावर चिकट हिरवा थर आहे.

बाकी ४: भोकाचे दोन पैसे, १९४७ चा निकेलचा वाघाचा रुपया, आणि ॲल्युमिनियमचं ३ पैशांचं एक नाणं.

घरात लिंबू-मीठ, चिंच, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर असे चार सल्ले मिळाले आहेत. सोनार "उजळवून देतो" म्हणतो.

भिंगवाला

चारही सल्ले स्वयंपाकघरातल्या पितळी तांब्यासाठी उत्तम आहेत. नाण्यासाठी एकही नको. सोनाराला तर हातही लावू देऊ नका. त्याचा उजाळा म्हणजे आधी तेजाब आणि मग पॉलिशचं चाक, आणि चाकाखालून एकदा गेलेल्या रुपयावर टांकसाळीची मूळ झळाळी कधीच परत येत नाही.

आधी नाण्यावर जे दिसतंय ते काय आहे ते ठरवा. माती, तेल, हळद, प्लास्टिकचा चिकटा हे सगळं बाहेरून आलेलं. ते धातूला धक्का न लावता काढता येतं, आणि काढावं. तपकिरी, काळा, घट्ट गुळगुळीत हिरवा हे रंग मात्र धातूनेच शेदीडशे वर्षांत धरलेले असतात. तो थर खालच्या तांब्याचं रक्षण करतो, शिवाय नाणं जुनं असल्याची ती एक खूणही आहे. चकचकीत शिवराई समोर आली की जाणकार आधी वजनकाटा काढतो, मग बोलतो. तिसरा प्रकार तुमच्या त्या दोन भुकटीवाल्या शिवरायांचा. त्या आजारी आहेत. त्या आजच बाकीच्यांपासून वेगळ्या डबीत ठेवा.

आता शिवराईबद्दल जरा सविस्तर. जमिनीत राहिलेल्या तांब्याच्या नाण्यावर सहसा आत लालसर क्युप्राइटचा थर असतो आणि त्याच्यावर हिरवा मॅलाकाइटचा. मूळ नाण्याचा पृष्ठभाग पुष्कळदा ह्या लालसर थरातच शिल्लक असतो. 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' ही अक्षरं तुम्हाला दिसतात ती त्या थरात दिसतात, खालच्या धातूत तेवढी उरलेली नसतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल हे दोन्ही थर विरघळवतं. मग खाली राहतो खड्ड्याखड्ड्यांचा गुलाबी तांब्याचा तुकडा. शिव की सिव, पति की पती, कडेच्या ठिपक्यांची माळ कुठे संपते, दुदांडी (अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली शिवराई) असेल तर त्या दोन दांड्या कशा आहेत, अशा बारकाव्यांवर शिवराईचा प्रकार ठरतो. तेच आधी जातात.

९ तपकिरी शिवरायांपैकी जी बुडवून झाली ती बाजूला ठेवा. उरलेल्या ८ ना एवढंच:

वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत नोंदवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग काचेच्या वाटीत डिस्टिल्ड पाण्यात २४ तास. बॅटरीत घालायचं पाणी पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये मिळतं ते चालेल, पण बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) लिहिलंय याची खात्री करा. बाटलीत आम्ल असेल तर पंचाईत. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं आणि क्लोराइड हाच तांब्याचा खरा शत्रू. दुसऱ्या दिवशी पाणी बदला. पाणी गढूळ यायचं थांबलं की काढा, सुती कापडावर ठेवून वरून टिपा. पुसू नका. मातीचा एक कण आणि बोटाचा दाब एवढ्यावर ओरखडा उमटतो.

अक्षरांच्या खोबणीत माती अडकली असेल तर बाभळीचा काटा घ्या. चेष्टा करत नाही. काटा मातीपेक्षा कडक आणि तांब्यापेक्षा मऊ असतो, टोक बारीक असतं, आणि मोडला तर दुसरा मिळतो. नाणं ओलं असताना, दहापट भिंगाखाली, माती वर उचलायची, खरवडायचं नाही. सुई, टाचणी, ब्लेड, तारेचा ब्रश यांना जवळ फिरकू देऊ नका. टूथब्रशदेखील सुक्या नाण्यावर नको.

जाड हिरवा थर असलेल्या ३ नाण्यांना लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून ठेवा, औषधाच्या दुकानात मिळतं. दोन ते तीन आठवडे. परदेशी व्हिडिओंमध्ये ऑलिव्ह तेल सांगतात. त्यात स्वतःची मुक्त आम्लं असतात, महिनोन्‌महिने ठेवलं तर तेही थर खातं. गोडेतेल-खोबरेल यांचंही तसंच, वर ती खवट होऊन चिकटतात. पॅराफिन काही विरघळवत नाही, फक्त माती-थरामध्ये शिरून ती सैल करतं. मग काटा. शेवटी ॲसिटोनने तेल काढा. थर हलला नाही तर हलला नाही. तसाच राहू द्या, वाचता येत असेल तर तेवढं पुष्कळ झालं.

परीक्षानळी

त्या दोन भुकटीवाल्यांबद्दल. याला सगळे 'ब्राँझ डिसीज' म्हणतात, शुद्ध तांब्यालाही होतो. तांब्याच्या आत क्युप्रस क्लोराइड साठलेलं असतं. हवेतली आर्द्रता आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची फिकट हिरवी भुकटी होते, त्यातून आम्ल सुटतं, ते आम्ल आतल्या तांब्याला लागून पुन्हा क्लोराइड तयार होतं. म्हणजे एकदा सुरू झालं की स्वतःच चालू राहतं. ४०-४५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की चालना मिळते, आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ८० च्या खाली येणं कठीण. घामातलं मीठ, समुद्राची हवा, लिंबाबरोबरचं ते "चिमूटभर मीठ", सगळीकडून क्लोराइड येतं. लिंबू-मिठाचा सल्ला म्हणूनच सगळ्यात वाईट: आम्ल संरक्षक थर काढतं आणि मीठ रोग पेरतं.

खात्री करायची असेल तर भुकटी काट्याने काढून टाका, झाकणाच्या डबीत ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी (चिकटून नको) नाणं एक-दोन दिवस ठेवा. त्याच जागी पुन्हा फिकट हिरवे ठिपके उगवले तर रोग चालू आहे. उगवले नाहीत तर ती जुनी, थांबलेली भुकटी असेल.

उपाय: सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्के द्रावण. घरी असं होतं: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात २३ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि १९ ग्रॅम खायचा सोडा. बाजारात धुण्याचा सोडा खड्यांच्या रूपात मिळाला तर त्यात पाणी धरलेलं असतं, तेव्हा २३ ऐवजी साधारण ६३ ग्रॅम लागेल. बेकिंग पावडर वापरू नका, त्यात आम्ल आणि स्टार्च असतो. नाणं काचेच्या बरणीत, द्रावण आठवड्याला बदलायचं, आणि दोन-तीन महिने धीर धरायचा. क्लोराइड आतून हळूहळू बाहेर येतं, घाईचा उपाय नाही. मग डिस्टिल्ड पाण्यात आठवडाभर, रोज पाणी बदलून.

ह्याचे तोटेही सांगतो. रंग बदलू शकतो, निळसर झाक येऊ शकते, थोडं तांबंही द्रावणात जातं. म्हणून हे फक्त रोगी नाण्याला. निरोगी शिवराईला "खबरदारी म्हणून" द्यायचं नाही. त्यापुढची पायरी बेंझोट्रायझोलची असते, संग्रहालयांत वापरतात, पण ते रसायन अंगाला लागणं किंवा श्वासात जाणं बरं नाही. घरी करायला मी कुणाला सांगणार नाही. नाणं महत्त्वाचं वाटलं तर संवर्धकाकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, प्रकार ओळखायला तिकडे विचारता येईल.

आता पाव आणे. चिकट हिरवं म्हणजे पीव्हीसी. त्या मऊ, वास येणाऱ्या खिशांत प्लास्टिक लवचीक ठेवणारं तेल असतं, ते वर्षानुवर्षं झिरपतं, आणि प्लास्टिक स्वतः विघटताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. इथे एकच औषध, शुद्ध ॲसिटोन. रसायनांच्या दुकानातून लॅब ग्रेडचं घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी, तेल, सुगंध असतो, आणि रंगवाल्याचा थिनर म्हणजे ॲसिटोन नव्हे. झाकणाची काचेची बरणी (काही प्लास्टिकचे डबे ॲसिटोनमध्येच विरघळतात), एका वेळी एक नाणं, दहा-पंधरा मिनिटं, मग दुसऱ्या बरणीत ताज्या ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं. पहिल्या बरणीतून काढून तसंच वाळवलं तर विरघळलेला चिकटा पातळ होऊन सगळ्या नाण्यावर पसरतो, म्हणून दुसरी बरणी हवीच. टिपायची गरज नाही, उडून जातं. खिडकी उघडी, आणि गॅस, समई, उदबत्ती काहीही जवळ नको. वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि लांबून पेट घेते.

चिकट्याखाली तांबं खाल्लं गेलं असेल तर तो खड्डा राहील. ॲसिटोन धातू भरून देत नाही.

सुरती

चांदीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९१७ चा काळा आणि १९४५ चे दोन यांना ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवून खायच्या सोड्याचं गरम पाणी ओता. लिटरला मोठा चमचाभर सोडा. दोन मिनिटांत काळेपणा फॉइलवर जातो, घासावं लागत नाही, धातू झिजत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे काम होतंय. एवढी साधी गोष्ट आहे.

भिंगवाला

साधी आहे, आणि तिथेच फसगत होते. रसायन बरोबर आहे: काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा, ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी परत धातू होते. पण ती परतलेली चांदी सच्छिद्र, पांढरट, मेणचट बसते. रुपया तिरपा करून फिरवला की प्रकाशाची पाती फिरल्यासारखी दिसते, ती झळाळी टांकसाळीत ठसा उमटताना धातू वाहिल्यामुळे येते. फॉइलनंतर तिच्याऐवजी खडूसारखं मंद पांढरं दिसतं. आणि काळ्या थराखाली कुणीतरी पूर्वी घासल्याचे केसासारखे ओरखडे असतील तर ते सगळे उघडे पडतात.

१९४५ च्या बाबतीत आणखी एक. १९४० च्या आधीचा नेहमीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० ते ४५ च्या नव्या मिश्रणात चांदी फक्त ५० टक्के, तांबं ४०, निकेल आणि जस्त ५-५. तांब्याचा काळेपणा फॉइलने नीट जात नाही, त्यामुळे नाणं चट्ट्याचट्ट्याचं, पिवळसर दिसतं.

१९१७ चा काळा रंग एकसारखा आहे का, कडेला निळा-जांभळा-सोनेरी छटा आहे का ते बघा. तशी छटा असेल तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. काळं खरखरीत असेल तरी ॲसिटोनपलीकडे काही करू नका.

परीक्षानळी

सुरतींचं अगदीच चूक नाही. पूर्वी घासून खराब झालेला, संग्रहाच्या दृष्टीने गेलेला, फक्त चांदीच्या भावाचा रुपया पूजेसाठी पांढरा करायचा असेल तर फॉइल हीच कमी हानीची रीत. टूथपेस्टपेक्षा शंभर पटींनी बरी. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच समजा. पण संग्रहात ठेवायच्या रुपयावर नको, याला भिंगवाल्यांशी सहमत.

बाटलीत मिळणारं चांदी उजळायचं 'डिप' हेही तसंच: थायोयुरिया आणि आम्ल, दर बुडवणीला वरचा अतिपातळ थर घेऊन जातं. चार बुडवण्यांत झळाळी संपते. एनजीसी, पीसीजीएस ह्या नाण्यांची श्रेणी ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्या असं घासलेलं-धुतलेलं नाणं अंकी श्रेणी न देता 'डिटेल्स' म्हणून वेगळं काढतात, ते ह्याचसाठी.

दुदांडी

हळद-कुंकवाचा रुपया: साबण लावू नका! हळदीला सोडा, साबण, चुना लागला की ती लाल होते, हे घरोघरी माहीत आहे. तेच नाण्यावर होतं आणि खोबणीत लाल रंग जाऊन बसतो. क्रम असा ठेवा.

आधी कोमट डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन तास, म्हणजे पंचामृतातली साखर, मध, दूध सुटेल. मग पूर्ण वाळवा. मग ॲसिटोन, वर सांगितलंय तसं दोन बरण्यांत. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ॲसिटोनमध्ये विरघळतो. ॲसिटोन पिवळं होईल, बदलत राहा. उरलेली पिवळी झाक दोन-चार दिवस उन्हात ठेवली की फिकी पडते. बाजारच्या कुंकवात कसले रंग असतील सांगता येत नाही, त्यामुळे थोडी लाली उरू शकते. राजमुकुटाच्या कडेला आणि मागच्या वेलबुट्टीत ती उरली म्हणून काट्याने खणत बसू नका. शेंदूर असेल तर हातमोजे घाला, त्यात शिसं किंवा पारा असू शकतो.

आणि तो १८६२ चा आहे हे लक्षात ठेवा. १८६२ हे वर्ष पुढे बरीच वर्षं रुपयांवर तसंच राहिलं आणि प्रकार ओळखतात ते मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून. एक ठिपका घासून गेला की नाणं दुसऱ्याच प्रकारात जमा. दोन्ही १८६२ भिंगाखाली ठिपके मोजून नोंदवा, मगच पाण्यात टाका.

कुठल्या रुपयाला हारात ओवण्यासाठी कडी लावलेली असेल आणि ती काढल्याचा डाग कडेवर दिसत असेल तर तो घासून लपवू नका, भिंगाखाली दिसतोच.

खुर्दा

सगळ्यांचे आभार. तीन प्रश्न राहिले. चिंचेतल्या गुलाबी शिवराईचं काय? ॲल्युमिनियम आणि निकेलची नाणी कशी धुवायची? आणि नंतर ठेवायची कशात, सागवानी पेटी चालेल का?

भिंगवाला

गुलाबी शिवराई: आधी आम्ल बाहेर काढा. १ टक्का खायच्या सोड्याच्या पाण्यात (१०० मिलीला १ ग्रॅम) पाच मिनिटं, मग डिस्टिल्ड पाण्यात तीन वेळा, दर वेळी तासभर. वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा, वर्षा-दोन वर्षांत तपकिरी झाक यायला लागेल. गंधकाचं मलम, अंड्याचा बलक, धूर असं काही देऊन काळी करू नका. तो रंग एकसारखा, शाईसारखा बसतो आणि नकली नाणी मुरवणारे हीच युक्ती वापरतात. पाकिटावर "आम्लाने धुतलेली" असं लिहून ठेवा, देताना समोरच्याला सांगा.

परीक्षानळी

ॲल्युमिनियमला सोडा कधीच नको, अल्कलीत ते खाल्लं जातं. फक्त डिस्टिल्ड पाणी आणि ॲसिटोन. पांढरे पुळीसारखे डाग आले असतील तर ते कायमचे. निकेलच्या वाघाला पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, स्वच्छ धुणं, बस. भोकाचा पैसा ब्राँझचा, त्याला शिवराईचेच नियम. भोकाच्या आतली कड नीट वाळवा, तिथे पाणी राहतं.

सागवान, प्लायवुड, एमडीएफ, काहीच नको. लाकूड आणि त्यातला गोंद ॲसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतात. चांदी-तांबं थोडंफार सोसतं. पण पुढे कधी सातवाहनांची शिशाची नाणी घेतलीत तर लाकडी कप्प्यात त्यांची काही वर्षांत पांढरी भुकटी होईल, आणि ती भुकटी विषारी असते. पत्र्याचा रंगवलेला कपाट-खण किंवा पॉलिप्रॉपिलिनचा हवाबंद डबा घ्या. आत मायलारची (पॉलिएस्टरच्या पातळ पारदर्शक फिल्मची) पाकिटं. रबरबँड, लोकरी कापड, वर्तमानपत्र ठेवू नका, गंधक तिथूनच येतं.

जुना अल्बम पीव्हीसीचा आहे का ते पाहायचं असेल तर तांब्याची तार ज्योतीत लाल करून प्लास्टिकला टेकवा, मग तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे गच्चीत करा, धूर हुंगू नका, आणि ॲसिटोनची बरणी त्या दिवशी बाहेरच काढू नका.

डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), आणि अगदी स्वस्तातलं नव्हे तर बऱ्यापैकी आर्द्रतामापक. मापकाचा काटा ४० टक्क्यांच्या वर सरकला की जेल काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, थंड झाल्यावरच परत ठेवा. पावसाळ्यात महिन्याला एकदा तरी तापवावी लागेल. जेलचे दाणे नाण्याला टेकू देऊ नका, कापडी पुरचुंडीत बांधा.

दुदांडी

एक राहिलं. ह्या शिवराया घरच्याच असतील तर प्रश्न नाही. पण नांगरताना किंवा पाया खणताना मिळाल्या असतील तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अशा वेळी धुणं सोडाच, माती झटकूही नका. कुठल्या थरात, कशाबरोबर, कुठल्या मडक्यात मिळालं हे त्या मातीवरूनच कळतं. आणि शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून टपालाने पाठवू नका.

खुर्दा

घरच्याच आहेत. दोन भुकटीवाल्या आज वेगळ्या काढल्या. ओल्या कापसाची चाचणी लावली आहे, परवा काय उगवतं ते फोटोसकट टाकतो.